कोटींच्या आधी कार्यशाळा मोजा : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्राने पंधरा लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचे सामंजस्य करार केले. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी आणखी एक करार झाला होता. त्या राज्याला कुशल माणसे कमी पडतात, तेव्हा प्रायोगिक टप्प्यात महाराष्ट्राने दहा हजार तरुण तिकडे पाठवावेत, असे त्यात ठरले. दावोसचे करार उद्योग खात्याचे, जर्मनीचा करार शालेय शिक्षण खात्याच्या पुढाकाराचा, आणि ज्यांच्या भविष्याबद्दल हे सारे चालले आहे ती आयटीआयची मुले कौशल्य विकास खात्याची. तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार फक्त आपल्याला आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. बाडेन-वुर्टेम्बर्गची राजधानी श्टुटगार्ट. बॉश ही कंपनी तिथली, आणि तिचा एक कारखाना इथे चाकणला आहे. म्हणजे आपण आपली मुले ज्या कारखानदारीच्या दारात पाठवू पाहतो, तीच कारखानदारी आपल्या दारात येऊन उभी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, अशी कंपनी जमीन आणि सवलत मागते तेव्हा राज्याने तिच्याकडे सर्वांत आधी तिची शिकाऊ कार्यशाळा मागावी. गुंतवणुकीचा आकडा त्यानंतर विचारावा.

हे मागणे हवेतले नाही, हे पटवायला बॉशचाच इतिहास पुरेसा आहे. रॉबर्ट बॉश यांचा जन्म १८६१ चा, उल्मजवळच्या एका खेड्यातला. उल्ममध्ये त्यांनी सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली, पण उस्तादाने नीट शिकवले नाही ही खंत त्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवली. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये काम करून ते परतले आणि नोव्हेंबर १८८६ मध्ये श्टुटगार्टच्या एका मागच्या अंगणात दहा हजार मार्कांच्या भांडवलावर त्यांनी दुकान थाटले. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसव, विजेच्या घंटा दुरुस्त कर, असली कामे. १८९० नंतर धंदा बुडायची वेळ आली होती. तारले ते मॅग्नेटोने, म्हणजे इंजिनातला वायू पेटवण्यासाठी ठिणगी पाडणाऱ्या यंत्राने. १८९७ मध्ये हे यंत्र प्रथमच मोटारवाहनावर बसवले गेले आणि १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड या बॉशच्या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर कंपनीची सुमारे नऊ दशांश विक्री परदेशात होत होती. हा विस्तार चालू असतानाच दोन निर्णय झाले. १९०६ मध्ये आठ तासांची पाळी आली. त्यात दयाभाव होता तसा हिशेबही होता, कारण दोन पाळ्यांत यंत्र सोळा तास चालते. आणि १९१३ मध्ये शिकाऊ मुलांसाठी कंपनीत स्वतंत्र विभाग उघडला. त्याच वर्षी बॉशच्या कारखान्यात मोठा संप झाला आणि टाळेबंदीही झाली, हेही इथेच सांगायला हवे. आठ तासांच्या पाळीने मालक-कामगारांतला झगडा संपला नव्हता. तरीही शिकाऊ विभाग बंद पडला नाही.

या विभागाचे मोल कंपनीने वेळोवेळी बदललेल्या मालाकडे पाहिले की कळते. मॅग्नेटोचा सुवर्णकाळ विशीच्या दशकात ओसरला. १९२६ च्या मंदीने मोटारींवर अवलंबून राहण्याचा धोका दाखवला. १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंप आला. १९३२ मध्ये हातोडी-ड्रिल आले आणि पाठोपाठ घरगुती फ्रिज. १९७८ मध्ये मोटारींसाठी एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी यंत्रणा, कारखान्यातून नियमितपणे बाहेर पडू लागली. आज तीच कंपनी सॉफ्टवेअर आणि हीट पंप विकते. २०२४ मध्ये तिची उलाढाल सुमारे नव्वद अब्ज युरो होती आणि तिच्याकडे चार लाखांवर माणसे होती. या साऱ्या काळात एकही माल कंपनीचा कायमचा आधार राहिला नाही. टिकली ती नवा माल पाहून त्याचे माप, त्याची सहनमर्यादा, त्याचे हत्यार ओळखणारी माणसे, आणि अशी माणसे घडवण्याचा खर्च नफ्यातून करणारी व्यवस्था. या व्यवस्थेला मालकीच्या रचनेचाही आधार मिळाला. १९४२ मध्ये संस्थापक गेले. त्यांच्या मृत्युपत्राच्या आशयाला धरून १९६४ मध्ये बहुतेक भांडवल एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे गेले, आणि आज नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्या प्रतिष्ठानाचा आहे. शेअर बाजाराला दर तिमाहीला उत्तर द्यायचे नसल्यामुळे दहा वर्षांनी फळ देणाऱ्या गोष्टीवर खर्च करणे या कंपनीला सोपे गेले. ही रचना आपण महाराष्ट्रात आणू शकत नाही. शिकाऊ कार्यशाळा मात्र आणू शकतो.

भारतात बॉशची विक्री १९२२ मध्ये कलकत्त्यातून सुरू झाली. १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली आणि बंगळुरूला कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकभरातच तिथे शिकाऊंची शाळा सुरू झाली, आणि तिथे शिकलेली मुले पुढे अखिल भारतीय शिकाऊ स्पर्धांत वर्षानुवर्षे सुवर्णपदके घेत राहिली. महाराष्ट्रात मायको आली ती नाशिकला, सातपूरला. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, पण त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. एका कारखान्याने शहराच्या अंगावर किती खोल ठसा उमटवला ते यावरून दिसते. त्या कारखान्याचे मुख्य काम डिझेलचे, नॉझल आणि इंजेक्टरचे. एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली, लहान मोटारींतून डिझेल जवळजवळ हद्दपार झाले, आणि नाशिकच्या कामगाराला एक गोष्ट समजली जी श्टुटगार्टच्या कामगाराला १९२६ मध्ये समजली होती : हातातला माल जातो.

चाकणची गोष्ट याहून बोलकी आहे. कल्याणी समूहाशी भागीदारीत चालणारी कल्याणी ब्रेक्स ही कंपनी पुढे बॉश चॅसिस सिस्टिम्स इंडिया झाली. चाकणला एबीएस बनू लागले, आणि एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाल्यावर त्या कामाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. पण जळगावच्या ब्रेकच्या कारखान्याचे काय झाले पाहा. कल्याणी ब्रेक्स, मग बॉश, मग २०१२ मध्ये बॉशने जगभरातला तो व्यवसाय विकल्यावर चॅसिस ब्रेक्स इंटरनॅशनल, आणि २०१९ च्या विक्रीनंतर हिताची. एका कामगाराच्या नोकरीच्या आयुष्यात दारावरची पाटी तीनदा बदलली. ज्या कंपनीशी राज्याने करार करावा ती दहा वर्षांनी तिथे असेलच असे नाही. सवलत दिलेले भांडवल दुसऱ्याच्या नावावर जाते, यंत्रे विकली जातात. कामगाराच्या हातातली विद्या मात्र कोणत्याही विक्रीखतात लिहून देता येत नाही. म्हणून परदेशी गुंतवणुकीतून राज्याच्या पदरात कायमचे काय पडते, याचा हिशेब करताना पहिली ओळ कौशल्याची लिहायला हवी.

याचा पुरावा शोधायला जर्मनीला जायची गरज नाही. तो मी राहतो त्या निगडीपासून कोसा-दीड कोसावर आहे. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, डाइम्लर-बेन्झशी करार १९५४ मध्ये झाला, जमशेदपूरसाठी, पंधरा वर्षांचा. तो १९६९ मध्ये संपला आणि मालमोटारींवरचे तीन टोकांच्या ताऱ्याचे चिन्ह उतरले. तो संपण्याआधीच, १९६६ मध्ये, टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी पिंपरीच्या माळावर काम सुरू केले. तिथे सुरुवातीला शिकाऊंचे प्रशिक्षण, यंत्रे बनवणारा विभाग आणि संशोधन केंद्र आले. पिंपरीतून पहिली गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे आजच्या गुंतवणुकीच्या तक्त्यात लिहिली असती तर ‘प्रकल्प रखडला’ असा शेरा पडला असता. त्याच अकरा वर्षांत घडलेल्या पायावर १९८६ ची ४०७ उभी राहिली आणि १९९८ ची इंडिका. शिवाय टेल्कोतून शिकून बाहेर पडलेल्या कित्येक फिटर-टर्नरांनी भोसरी आणि चिंचवडच्या गाळ्यांत स्वतःची लेथ मांडली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या ज्या सेक्टरांत आज निगडीची वस्ती आहे, त्यातली कितीतरी घरे या विद्येच्या कमाईवर बांधली गेली. १९५८ मध्ये स्थापन झालेली बजाज टेम्पोही या पट्ट्यात आली, तीही हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोनच्या सहकार्याने उभी राहिलेली. १९६० पासून केएसबीचे पंप आहेत, पुढे मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आल्या. जर्मन तंत्र आपल्याकडे सत्तर वर्षे येते आहे. ज्यांनी ते आत्मसात करण्यासाठी माणसांवर आधी खर्च केला, त्यांनाच पुढे स्वतःची गाडी काढता आली.

आता आजची स्थिती. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत, असे २०१९ चे नियम सांगतात. न घेतल्यास काय? २०१४ च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची तरतूद काढली आणि दंड ठेवला तो असा : कमी पडलेल्या प्रत्येक शिकाऊमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, पुढे १,००० रुपये. मुलाला नीट शिकवण्यापेक्षा दंड भरणे कितीतरी स्वस्त आहे. आणि जे शिकाऊ घेतले जातात, त्यांतल्या अनेकांना पहिल्या आठवड्यापासून असेंब्ली लाइनवर उभे केले जाते. एकच बोल्ट, एकच टॉर्क, वर्षभर. वर्ष संपले की नवा मुलगा येतो. जर्मनीत हाच शब्द वापरून वेगळी गोष्ट होते. तिथे उमेदवारी साधारणपणे तीन ते साडेतीन वर्षांची असते, आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही व्यवसाय शाळेत, आणि शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग-वाणिज्य मंडळ घेते. अशी बारा लाखांच्या आसपास मुले एका वेळी शिकत असतात.

माझ्या मागणीवर पहिला आक्षेप मंत्रालयातूनच येईल, आणि तो खरा आहे : अटी घातल्या तर कंपन्या तमिळनाडूला किंवा गुजरातला जातील. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावला यायचा वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा या पट्ट्यात जी हळहळ झाली, ती मी कमी लेखत नाही. पण त्याच प्रकल्पाची पुढची गोष्टही सांगावी लागेल. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. दीड लाख कोटींच्या आकड्यावर दोन राज्ये भांडली आणि तो आकडा कोणाच्याच हाती लागला नाही. सवलतींच्या लिलावात आपल्याहून जास्त बोली लावणारे कोणी ना कोणी नेहमीच असते, कारण जमीन आणि करमाफी प्रत्येक राज्याकडे आहे. फोक्सवॅगनने चाकणला कारखाना उभारला आणि २००९ मध्ये तो सुरू केला, तेव्हा या परिसरात टेल्को-बजाजच्या दोन पिढ्यांनी घडवलेले कारागीर आणि सुटे भाग पुरवणारे शेकडो गाळे तयार होते. ते कोणत्याही राज्याला अध्यादेश काढून निर्माण करता येत नाहीत. आणि या कंपन्यांना शिकाऊ कार्यशाळेची अट परकी वाटणारही नाही. फोक्सवॅगनने चाकणच्या आवारात मेकॅट्रॉनिक्सचे जर्मन धर्तीचे शिकाऊ प्रशिक्षण चालवले आहे. मर्सिडीज-बेंझने २००२ पासून पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालवला. आज हे कंपनीच्या मर्जीवर आहे आणि मोजक्या मुलांपुरते आहे. ते कराराचा भाग व्हावे, इतकेच माझे मागणे आहे.

दुसरा आक्षेप कामगार संघटनांचा असेल, आणि तो मला पहिल्याहून गंभीर वाटतो. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवण्याचा हा आणखी एक दरवाजा होईल, असे त्या म्हणतील. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेल्या ‘नीम’ योजनेचा अनुभव या शंकेच्या बाजूने आहे. प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या मुलांकडून या पट्ट्यातही सर्रास उत्पादनाचे काम करून घेतले गेले, कायम कामगाराची जागा त्यांनी भरून काढली, आणि पुढे ती योजना मागे घ्यावी लागली. म्हणून अट लिहिताना ‘शिकाऊंची संख्या’ हा निकष ठेवूच नये. संख्या मोजली की कंपनी संख्याच पुरवील. मोजायचे ते वेगळे : उत्पादनाच्या शेडपासून स्वतंत्र कार्यशाळा आहे का, पूर्णवेळ निदेशक किती, पहिल्या वर्षी मुलाच्या हातात कानस, व्हर्नियर आणि लेथ आहे की कन्व्हेयर, अखेरची परीक्षा बाहेरची संस्था घेते का, आणि तीन वर्षांनी त्या मुलाला या किंवा दुसऱ्या कंपनीत कोणत्या पगारावर कायम नोकरी मिळाली. पहिले वर्ष उत्पादनाला हात लावायचा नाही, एवढा एक नियम जरी कडक पाळला तरी स्वस्त मजुराचा दरवाजा बंद होतो, कारण मग शिकाऊ ठेवणे कंपनीला खरोखर खर्चिक पडते. ज्या कंपनीला तो खर्च नको, तिला शिकवायचेच नव्हते.

तिसरा आक्षेप असा की, बॉशचे उदाहरण देताना आजची बॉश दिसत नाही का? दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने वाहन विभागातल्या आणखी तेरा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, त्यातल्या बऱ्याच श्टुटगार्टच्या परिसरातल्या. डिझेल मोटारींच्या उत्सर्जन घोटाळ्यातल्या निष्काळजीपणाबद्दल तिने २०१९ मध्ये नऊ कोटी युरोंचा दंड भरला. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यांत हजारो वेठबिगार राबवले गेले, हे कंपनीने स्वतः मान्य केलेले आहे. तेव्हा कंपनीच्या चांगुलपणावर विसंबा, असे मी म्हणत नाही. उलट, चांगली परंपरा असलेली कंपनीसुद्धा संकटात काय करते ते समोर आहे, म्हणूनच अट लेखी हवी. आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्येच कारखान्यांतली माणसे कमी होत असतील, तर आपल्या मुलांना केवळ तिकडच्या टंचाईच्या भरवशावर तयार करणे धोक्याचे आहे. तिकडे जावेसे वाटेल त्याने जरूर जावे. पण तिथे ज्या तीन वर्षांच्या उमेदवारीसाठी भाषा शिकून, घर सोडून जायचे, ती उमेदवारी तळवडे किंवा चाकणला, मराठीत, त्याच कंपनीच्या यंत्रावर मिळाली, तर निवड त्या मुलाच्या हाती राहील.

एक अडचण मात्र मोठ्या कंपन्यांच्या अटीने सुटत नाही. भोसरीच्या दहा-पंधरा माणसांच्या गाळ्याला स्वतंत्र कार्यशाळा परवडणार नाही, आणि विजेच्या गाड्यांचा फटका सर्वांत आधी बसणार तो याच गाळ्यांना. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअरचे भाग करणाऱ्यांना नवे काम शिकवणार कोण? जर्मनीत लहान कारखाने एकत्र येऊन सामाईक कार्यशाळा चालवतात आणि आपली मुले तिथे पाठवतात. आपल्याकडे चिंचवडचे ऑटो क्लस्टर आहे, महापालिकेच्या मोरवाडी आणि कासारवाडीच्या आयटीआय आहेत. नवी इमारत बांधायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांच्या करारातली अट अशी हवी की, त्यांच्या कार्यशाळेतल्या काही जागा त्यांच्या पुरवठादारांच्या मुलांसाठी राखीव असतील आणि त्यांचे निदेशक या आयटीआयमध्ये ठरावीक तास शिकवतील. खर्च सरकारने करावा असेही नाही. सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. तिच्यात सवलत गुंतवणूक, रोजगार आणि तालुक्याचा गट पाहून ठरते. त्याच सवलतीचा एक हिस्सा कार्यशाळा उभी राहून पहिली तुकडी परीक्षा पास झाल्यावरच द्यावा. पैसा तोच, फक्त देण्याची वेळ आणि कारण बदलेल.

म्हणून माझी विनंती आहे ती तीन गोष्टींची. मोठ्या अभियांत्रिकी कंपनीशी होणाऱ्या यापुढच्या प्रत्येक करारात शिकाऊ कार्यशाळेचे कलम असावे आणि सवलतीचा ठरावीक हिस्सा त्याच्याशी बांधावा. उद्योग, कौशल्य विकास आणि शालेय शिक्षण या तीन खात्यांची एक समिती पिंपरी-चिंचवडला बसवून तिच्यात लघुउद्योजक आणि कामगार संघटना दोघांनाही घ्यावे. आणि करारातले हे कलम, त्याखाली शिकलेल्या मुलांची संख्या आणि त्यांचे पुढचे पगार, दरवर्षी मराठीत जाहीर करावेत. पुढच्या दावोसला जाण्याआधी या कलमाचा मसुदा तयार करून लोकांसमोर ठेवावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
निगडी प्राधिकरणातील एक रहिवासी